अँटियमची मोहीम: चुकलं नेमकं कुठे?

झुंजार बोका
डाव संपला, रोमवाल्यांचं अभिनंदन करून झालं, आता उघड बोलायला हरकत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सिव्हिलायझेशन ४ हा कॉम्प्युटर गेम, त्याची बियाँड द स्वोर्ड ही पुरवणी, पिटबॉस सर्व्हरवर (सर्व्हर सतत चालू, ज्याने त्याने सवडीने लॉगिन करायचं), एका टर्नला २४ तास. एका राज्यामागे पाच-सहा जणांची टीम. आपण अशोक, समोर रोम. टीमने चर्चा करून मत द्यायचं आणि ज्याची पाळी असेल त्याने लॉगिन करून टर्न खेळायची.

टर्न ९७ ला आपला स्टॅक, म्हणजे नकाशावरच्या एकाच घरात उभं केलेलं सैन्य, आपल्या जुन्नरहून रोमच्या अँटियम शहरावर निघाला. ७ ॲक्समन (कुऱ्हाडवाले), ५ कॅटापुल्ट (दगडफेकी यंत्रं), १ स्पिअरमन (भालेवाला). रस्ते दोन होते. दक्षिणेकडून सपाट गवताळ घर, तिथून दुसऱ्याच टर्नला शहरावर हात टाकता आला असता. उत्तरेकडून जंगल असलेली टेकडी, पण एक टर्न जास्त. मतदान ४ विरुद्ध २, सपाट रस्ता पास. त्याच रात्री रोमचे ६ हॉर्स आर्चर (घोडेस्वार तिरंदाज) येऊन धडकले आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सात टर्नमध्ये जुन्नर गेलं आणि तिथून डाव उतरणीला लागला.

प्रश्न दोन. एक, हा निर्णय वाईट होता की नशीब वाईट होतं? दोन, पुढच्या डावात लढाईचे निर्णय मतदानाने घ्यायचे की एकच सेनापती नेमायचा? भांडा, पण पुराव्यानिशी.

अर्धा कप
रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून सुटलो की लिहितो.

टर्नवाले आप्पा
ती टर्न मी खेळलो, म्हणून पहिला दगड माझ्यावर येणार हे गृहीत धरून लिहितो. टीमने सांगितलं दक्षिण, मी गेलो दक्षिणेला. एकही युनिट माझ्या मनाने इकडचं तिकडे केलेलं नाही. लॉग आहे, बघा. आणि फासेही उलटे पडले. ६ पैकी ४ घोडे जिंकले, हे काय रोज होतं का?

वैदर्भी
आप्पा, दगड कोणी मारत नाहीये. पण फासे उलटे पडले हे काही मला पटत नाही. आकडे मांडते.

हॉर्स आर्चरची ताकद ६. स्पिअरमनची ४, घोडदळाविरुद्ध १०० टक्के बोनस म्हणजे सपाटीवर ८. त्याच्यावर हल्ला करणाऱ्या पहिल्या घोड्याचा जिंकण्याचा संभव २१-२२ टक्के. तो मेला, ठीक. पण भालेवाला जखमी झाला, म्हणून दुसरा घोडा जिंकला. इथून पुढे उरलेल्या चार घोड्यांसमोर फक्त ॲक्समन. ५ विरुद्ध ६, सपाट जमीन, ॲक्समनचा बोनस पायदळाविरुद्ध, घोड्यांविरुद्ध काही नाही. प्रत्येक हल्ल्याला घोड्याचा जिंकण्याचा संभव ७३ टक्क्यांच्या आसपास. चार हल्ले म्हणजे सरासरी तीन विजय. प्रत्यक्षात किती झाले? तीनच.

म्हणजे अगदी जे व्हायला हवं तेच झालं. कॅटापुल्ट मेले ते वेगळ्या नियमाने. हॉर्स आर्चर जिंकला की स्टॅकमधल्या कॅटापुल्टना बाजूने मार बसतो, त्यांच्याशी थेट लढायचीही गरज नाही. चार वेळा तो मार बसला. तीन गेले, दोन अर्धमेले.

आता तोच हिशोब जंगलटेकडीवर करा. टेकडीचे २५, जंगलाचे ५०. स्पिअरमन ८ चा ११ होतो, ॲक्समन ५ चा पावणेनऊ. घोड्याचा संभव भालेवाल्यासमोर एक-दीड टक्का, ॲक्समनसमोर दहा-अकरा. ७३ वरून ११.

गनिमी कावळा
हे आधी का नाही सांगितलंस ताई?

वैदर्भी
सांगितलं होतं. त्या दोन विरोधी मतांपैकी एक माझं. दुसरं काकांचं.

दुबईकर काका
हो, दुसरं माझं. पण माझं कारण एवढं शास्त्रशुद्ध नव्हतं. सपाटीवर सगळे एकाच घरात उभे केलेले बघून पोटात गोळा आला, बास. म्हणून "नको" लिहिलं. कारण विचारलं तेव्हा गप्प बसलो, कारण सांगायला काही नव्हतंच. आकडा नसेल तर मीटिंगमध्ये तोंड उघडू नये ही सवय तीस वर्षांच्या नोकरीची.

एडिसनकर
मी सपाटीच्या बाजूने मत दिलं होतं आणि आजही देईन. ऐका.

त्या रात्री आम्हाला काय दिसत होतं? रोमकडे प्रेटोरियन, म्हणजे त्यांचे खास तलवारवाले. ताकद ८, साध्या तलवारवाल्याची असते ६. ते जमत चालले होते. उशीर केला की अँटियममध्ये दोन-चार आणखी येणार, म्हणून झटपट जायचं. आणि रोमकडे घोडे नव्हते. त्यांच्या हद्दीत घोड्यांचा रिसोर्स कुठेच दिसत नव्हता, घोडे नाहीत म्हणजे हॉर्स आर्चर नाहीत. म्हणून एक भालेवाला बास आणि बाकी सगळे ॲक्समन, कारण प्रेटोरियनसमोर ॲक्समन साडेसात होतो आणि तोच टिकतो. ज्या गोष्टी माहीत होत्या त्यांवरून निर्णय बरोबर होता. निकाल बघून शहाणपण सगळ्यांनाच सुचतं.

नाशिकचा द्राक्षमळा
एडिसनकरांशी शंभर टक्के सहमत. निकालावरून निर्णय जोखू नका.

गनिमी कावळा
मग कशावरून जोखायचा? पंचांगावरून?

नाशिकचा द्राक्षमळा
त्या वेळी हातात काय होतं त्यावरून. वैदर्भीताईंनी जो हिशोब मांडला तो घोडे समोर आहेत हे धरून मांडलाय. घोडे नाहीत असं धरा, मग सपाट आणि टेकडी यातला फरक फक्त एका टर्नचा उरतो.

वैदर्भी
नाही उरत. प्रेटोरियन चालून आला असता तरी सपाटीवर ८ विरुद्ध साडेसात, म्हणजे पारडं त्याच्याकडेच झुकलेलं. टेकडीवर ॲक्समन सव्वाअकरा होतो. घोडे असोत नसोत, टेकडीच बरी होती. त्या एका टर्नने नेमकं काय मिळणार होतं, हे मला त्या चर्चेत शोधून सापडलं नाही. "झटपट" हा शब्द मात्र नऊ वेळा सापडला.

एडिसनकर
नऊ वेळा मोजलंत! _/\_

अर्धा कप
आलो. एक मूलभूत शंका. टेकडीवर जायला एक टर्न जास्त लागत होता तो फक्त युनिटांची चाल एक म्हणून ना? मग हद्दीपर्यंत रस्ता आधी का नाही बांधला? आपल्याकडे फास्ट वर्कर होते, तीन चालींचे. जंगलात शिरून त्याच टर्नला काम सुरू करतात. भारताचा हा एकच फायदा आणि तो आपण शेतं नांगरायला वापरला.

टर्नवाले आप्पा
कारण लोकांना खायला लागतं, बाळा.

खादाड चिलखत
वाचतोय. पॉपकॉर्न संपले, चिवडा आणलाय.

एक अवांतर. आपण गांधी का नाही घेतला? गांधींकडे अणुबॉम्ब असतो म्हणतात. प्रेटोरियन-बिटोरियन सगळे उडाले असते.

गनिमी कावळा
टर्न ९७ ला अणुबॉम्ब. बरं.

अर्धा कप
अवांतराला अवांतर: पहिल्या भागात गांधींच्या आक्रमकतेचा आकडा शून्याखाली जाऊन २५५ व्हायचा आणि ते बॉम्ब टाकत सुटायचे, ही नेटवरची लाडकी कथा. २०२० मध्ये खुद्द गेमचा जनक सिड मायरनेच सांगितलं की असा कुठला बग नव्हता. पुढच्या भागांत मात्र मुद्दाम गंमत म्हणून ते घातलं गेलं.

झुंजार बोका
धाग्याला फाटे फुटायला लागले. परत अँटियमकडे या.

प्रति-रोमन
नमस्कार मंडळी. रोमच्या टीममधून. बोकोबांनी व्यनि (खाजगी निरोप) करून बोलावलं म्हणून आलो. डाव संपलाय, तेव्हा आमची बाजूही ऐका.

तुमचा पहिला समज चुकीचा, आमच्याकडे घोडे होते. आमच्या मूळ हद्दीत नव्हते हे खरं. पण पूर्वेला, नदीपलीकडे रानटी लोकांचं एक शहर होतं, नकाशाच्या न दिसणाऱ्या भागात, धुक्यात, म्हणून तुम्हाला ते दिसत नसणार. टर्न ८७ ला आम्ही ते घेतलं. त्याच्या दुसऱ्या घरात घोडे. कुरण बांधलं, रस्ता जोडला, आणि टर्न ९२ पासून दोन शहरांत चाबूक मारून (म्हणजे शहरातली माणसं खर्ची घालून झटपट) हॉर्स आर्चर काढले.

सगळ्यात जास्त भीती आम्हाला तुमच्या त्या रथाची होती. पूर्वेच्या टेकडीवर तुमचा एक रथ टर्न ६० पासून ठाण मांडून बसलेला. तो असता तर त्याला आमचे घोडे दिसलेच असते. पण टर्न ८६ ला तो उठून गेला. आम्हाला वाटलं सापळा आहे. आम्ही जरा थबकलोच.

आणि टेकडीबद्दल. तुम्ही तिथे आला असतात तर आम्ही हल्ला केला नसता. १० टक्के बघून कोण घोडे मारून घेईल? आमच्याकडे कन्स्ट्रक्शन हे तंत्रज्ञान नव्हतं, म्हणजे कॅटापुल्टही नव्हते, स्टॅक फोडायला काहीच नव्हतं. पण अँटियमच्या भिंती टर्न ९८ ला पुऱ्या होणार होत्या. टेकडीवरून तुम्हाला त्या पाडत बसायला लागलं असतं, तेवढ्यात तीन प्रेटोरियन पोहोचले असते. शहर मिळालं असतं का? माझ्या मते हो, पण रडतखडत.

वैदर्भी
रथ!! तो रथ कोणी हलवला?

टर्नवाले आप्पा
टर्न ८६ मी खेळलेलो नाही. लॉग बघा.

झुंजार बोका
बघितला. द्राक्षमळा यांची पाळी होती.

नाशिकचा द्राक्षमळा
हो, मी हलवला. पैठणहून सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) निघाला होता, दोन घरांवर रानटी ॲक्समन दिसला, जवळ दुसरं काही नव्हतं. रथ ॲक्समनला छान मारतो. "रथ सेटलरसोबत नेतोय, चालेल ना?" असं टर्नच्या टिपणात लिहिलं होतं. त्यावर तीन अंगठे आले आहेत. एक वैदर्भीताईंचा.

वैदर्भी
आला असेल. सेटलर वाचवायलाच हवा होता. पण सेटलर बसल्यावर रथ परत जाणार होता ना?

नाशिकचा द्राक्षमळा
पुढची पाळी आप्पांची होती.

टर्नवाले आप्पा
मला काय माहीत तो तिथून आलाय? मला तो नव्या शहरात निवांत बसलेला दिसला, मी त्याला पहारेकरी समजलो.

दुबईकर काका
म्हणजे दक्षिण की उत्तर यावर आपण दोन दिवस वाद घातला, सहा जणांनी मतं दिली. आणि रथ उठला तो तीन अंगठ्यांवर, परत गेला नाही तो कुणाच्या लक्षातही न येता. रोमकडे घोडे नाहीत हे वाक्य पहिल्यांदा कोणी आणि कधी म्हटलं, शोधता का कुणी?

झुंजार बोका
शोधलं. टर्न ६८. एडिसनकर: "त्यांच्याकडे घोडे नाहीत, सध्या तरी." नंतर टर्न ७९, ९१ आणि ९६ ला इतरांनी तेच लिहिलंय, "सध्या तरी" गाळून.

एडिसनकर
"सध्या तरी" लिहिलं होतं, नोंद घ्यावी.

अर्धा कप
आणखी एक सापडलं, तेही वाचा. टर्न ९३. वैदर्भीताईंनी लिहिलंय की डेमोग्राफिक्समध्ये (सगळ्या राज्यांच्या आकड्यांच्या तक्त्यात) शिपायांचा सगळ्यात मोठा आकडा एकदम चढला. त्याला उत्तर, माझंच: "प्रेटोरियन बनवतायत, अजून ॲक्समन काढा." आणि पैठणात रांगेत असलेला स्पिअरमन काढून तिथे ॲक्समन घातला. तो आकडा फक्त एकूण ताकद सांगतो, घोडे की पायदळ हे सांगत नाही, काही तंत्रज्ञानं मिळाली तरीही तो वाढतो. आपण घोड्यांची चाहूल बघितली आणि तिला प्रेटोरियन समजून आणखी चुकीचं सैन्य काढलं.

गनिमी कावळा
यमुनेला पूर आहे, अब्दाली उतरणार नाही.

खादाड चिलखत
आलं! पानिपत आलं! मी वाटच बघत होतो.

गनिमी कावळा
हसा, पण उदाहरण बसतं. १७६० च्या ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा घेतलं, यमुना मधे आहे म्हणून पलीकडचा शत्रू पलीकडेच राहील असा भरवसा. अब्दाली महिनाअखेरीस बागपतजवळ उतरला आणि दिल्लीकडची वाट तुटली. १४ जानेवारीच्या लढाईवर सगळे भांडतात, गोल की गनिमी कावा, इब्राहिमखानाच्या तोफा, होळकर का निघाले. नदी कोणी राखायची होती यावर किती धागे निघालेत?

एडिसनकर
कावळेबुवा, त्यावर इथेच दोन धागे आहेत आणि दोन्ही कुलूपबंद आहेत. कारण तुम्हीच. हलके घ्या.

टर्नवाले आप्पा
आमच्या १३ युनिटांच्या भानगडीला पानिपताची उपमा देऊ नका हो. तिकडे माणसं मेली.

गनिमी कावळा
मान्य, आप्पा. तिथेच थांबतो.

शेवटची चाल
मी या डावात नव्हते, पण हे असं खोदकाम नोकरीत बरंच केलंय. गेमर मंडळी एएआर (कारवाईनंतरचा आढावा) म्हणजे खेळाची रंगवलेली कथा समजतात. मूळ पद्धत अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकात रुजली, सरावाच्या लढाया झाल्या की सगळ्यांनी बसून बोलायचं, शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत. काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, पुढे काय करायचं. त्यात गुण द्यायचे नसतात आणि कोणाची चूक हेही विचारायचं नसतं. नाहीतर लोक पुढच्या वेळी खरं सांगत नाहीत.

इथे सगळ्यात कामाचं काय झालं ठाऊक आहे? प्रति-रोमन आले. त्यांच्याशिवाय तुम्ही अजून दक्षिण-उत्तर करत असता, आणि "घोडे नाहीत" याला दोन्ही बाजूंनी हात लावला नसता. वैदर्भींचा हिशोब अचूक होता, पण तोही फक्त रस्त्यापुरता होता.

वैदर्भी
हे मान्य. एक भालेवाला पुरतो का, हे मीही विचारलं नाही. पैठणात एक माणूस चाबकाखाली गेला तर ३० हातोडे (उत्पादनाचं माप) मिळतात, भालेवाला ३५ चा. दोन टर्नचं काम. तीन भालेवाले असते तर सपाटीवरही पहिले घोडे आपटले असते.

प्रति-रोमन
तीन भालेवाले दिसले असते तर आम्ही आलोच नसतो. खरं सांगायचं तर एक भालेवाला दिसल्यावरही आमच्यात वाद झाला. दोघे म्हणाले, इतकं उघडं सैन्य कोणी आणत नाही, मागे काहीतरी असणार. आमच्यात मतदान नाही, लढाईचा निर्णय एकाकडे असतो. तो म्हणाला कॅटापुल्ट मिळतायत, मारा. पिटबॉसवर युद्धात टर्नच्या २४ तासांतले शेवटचे १२ आमचे होते, तासाभरात आटोपलं.

झुंजार बोका
म्हणजे प्रश्न दोनचं उत्तर रोमकडून आलं. सेनापती.

एडिसनकर
घाई नको. सेनापती असता तर "घोडे नाहीत" हे त्याच्या डोक्यात बसलं असतं आणि "नको" म्हणणारे काकाही नसते.

दुबईकर काका
माझ्या "नको"ने काय फरक पडला?

एडिसनकर
आज पडतोय. पोटात गोळा का आला असं आम्ही तेव्हा विचारायला हवं होतं, कारण नाही म्हणून मत मोजून मोकळे झालो.

दुबईकर काका
विचारलं असतं तरी मी म्हणालो असतो, सगळे एकाच घरात का? एवढंच. त्यातून रथापर्यंत पोहोचलो असतो का, शंका आहे.

नाशिकचा द्राक्षमळा
माझा प्रस्ताव. चाल ठरवायला सेनापती, मतदान नको, २४ तासांच्या टर्नमध्ये न्यू जर्सी, दुबई आणि नाशिक एकत्र जागे असणं अवघडच. पण एक माणूस फक्त नजर ठेवायला. दर पाच टर्नला त्याने लिहायचं की शत्रूबद्दल आपण काय धरून चाललोय आणि ते शेवटचं कधी डोळ्यांनी बघितलं. पहाऱ्याचं युनिट त्याला विचारल्याशिवाय कोणी हलवायचं नाही. मीसुद्धा.

टर्नवाले आप्पा
आणि युनिटांना नावं द्या. गेममध्ये नाव बदलता येतं. "पूर्वेचा डोळा, हलवू नये" असं लिहिलेलं असतं तर मी त्याला हात लावला असता का?

अर्धा कप
आप्पांची सूचना इतकी साधी आहे की सहा जणांना दीडशे टर्न सुचली नाही.

गनिमी कावळा
मी नजर ठेवायला तयार. पण मला कोणी अंगठे देऊन गप्प बसवायचं नाही.

वैदर्भी
सेनापती कोण?

खादाड चिलखत
मी!

वैदर्भी
तू डावात नव्हतास.

खादाड चिलखत
म्हणूनच माझं रेकॉर्ड स्वच्छ आहे.

झुंजार बोका
नव्या डावाची नावनोंदणी रविवारी उघडतो. द्राक्षमळांचा प्रस्ताव आणि आप्पांची नावांची सूचना दोन्ही नियमांत घालतोय, सेनापतीपदासाठी इच्छुकांनी व्यनि करा. प्रति-रोमन, तुमच्या टीमला रिमॅच हवी आहे का?

प्रति-रोमन
हवी. पण या वेळी रोम तुम्ही घ्या. प्रेटोरियन होते म्हणून जिंकलो हे आम्हाला रोज ऐकावं लागतंय.

टर्नवाले आप्पा
घेतलं रोम. आणि घोडे कुठे आहेत ते आधी शोधणार.